खटक्याले बांधलेली सुतळी

बायको गेल्यावर माझे पाय एका जागी राहिनासे झाले. ओट्यावर बसलो की उठावं वाटे, उठलो की कुठं जावं ते समजत नसे. गावात एक चक्कर, शेतात एक चक्कर, पुन्हा घरी. दाराची कडी काढायची, आत पाहायचं, कडी लावायची. लोक म्हणत, बुढ्याच्या पायाले भिंगरी लागली. मी चौथी शिकलेला माणूस आहे. दुःख कसं सांगावं ते चौथीपर्यंत शिकवत नाहीत, पुढं शिकवत असतील असंही मले वाटत नाही.

आमचं गाव अकोटजवळ, एस.टी.नं अर्धा तास. एकच पोरगी, ती बडनेऱ्याले दिली, जावई रेल्वेत. बायकोच्या तेरवीपासून पोरीचा एकच घोष होता, बाबा, आता इकडं या. मी म्हणे, पाहू. पाहू म्हणजे नाही, हे तिलेही माहीत होतं. त्या घरात मी चाळीस वर्षं राहिलो. दुसऱ्याच्या घरी पाणी पिण्याअगोदर विचारावं लागते, मग ते पोरीचं घर का असेना.

बायको श्रावणात गेली. आमच्याकडं मयत झाली की घरपरत, म्हणजे दर घरातून, एक लाकूड येते. कोणी खांद्यावर आणते, कोणी बैलगाडीत टाकून देते. त्या दिवशीही आली. पण आठ दिवसांची झड लागलेली होती, सगळी लाकडं ओली. स्मशानात धूर झाला, जाळ होईना. रॉकेल संपलं. मग कोणीतरी जुनं टायर आणलं. माझ्या बायकोले टायरच्या धुरात जाळलं. मी तिथंच उभा होतो, आणि नको म्हणू शकलो नाही, कारण दुसरं काय टाकावं तेही सांगू शकत नव्हतो.

त्या वर्षांत आमच्याकडं कास्तकारांच्या मयती गंज, लय झाल्या. कशानं झाल्या ते साऱ्या महाराष्ट्राले माहीत आहे, मी पुन्हा कावून, कशाले सांगू? मी फक्त लाकडाचं सांगतो. पावसाळ्यात कोणाच्या घरी मयत झाली की मी आधी वर आभाळाकडं पाहत होतो आणि मग त्या घरच्या माणसाच्या तोंडाकडं.

माझ्या शेताच्या बांधावर, आमच्या बोलीत धुऱ्यावर, दोन बाभळी आणि एक निंब वादळात उलथून पडले होते, वाळून खडंग झाले होते. ते तोडून, मिरगाच्या आत, स्मशानातल्या टिनाखाली थप्पी लावून ठेवायची, एवढं मी ठरवलं. कोणाले सांगितलं नाही. कुऱ्हाड उचलली तं उजवा खांदा वर जाईना. दहा घाव घातले आणि धुऱ्यावर बसून राहिलो. ते बसणंही जमलं नाही.

होळीनंतर पोरीकडं गेलो होतो. तिथंही पाय थांबेनात म्हणून अमरावतीच्या बाजारात हिंडून राहिलो होतो. एका लोखंडी सामानाच्या दुकानात लाकूड कापायची मशीन दिसली. पेट्रोलवालीही होती, पण तिले दोरीचा झटका द्यावा लागते, तो खांदा माझ्याकडं उरला नव्हता. दुसरी लाइनीवर चालणारी. आमच्याकडं विजेले लाइनच म्हणतात. मी ती घेतली आणि खोकं बगलेत मारून बडनेऱ्याले आणलं.

पोरीनं खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं.

"हे काय आणलं बाबा?"

"लाकडं कापाची मशीन."

"गॅस आहे घरी. लाकडं कोनासाठी?"

"लागतात."

"गावात काय काय होऊन राह्यलं, अन् तुमी एकटे घरी हे दातवालं धूड नेता?"

मले समजलं ती कशाले भेली ते. त्या दिवसांत म्हाताऱ्यानं बाजारातून काहीही आणलं तरी घरची माणसं आधी पिशवीत विष तं नाही ना ते पाहत. मी म्हटलं, "मराचं असतं तं एवढं वजन कावून उचललं असतं माय?"

ती हसली नाही. जावई हसला, आणि तिनं त्याच्याकडं पाहिलं तसा तोही बंद झाला.

"मंग एक कबूल करा," ती म्हणाली. "हाताले, पायाले, कुठंबी लागलं, तं त्याच दिवशी गाठोडं बांधाचं अन् इकडं राहाले याचं. मंग पाहू नाही, विचार करतो नाही."

"कबूल," मी म्हटलं. मले वाटलं, स्वस्तात सुटलो.

घरी खोकं उघडलं. मशीन वेगळी, पट्टी वेगळी, चेन वेगळी गुंडाळलेली. सोबत एक पुस्तक, इंग्रजी आणि हिंदी. आमच्या घरात वाचणारी बायको होती, सातवी शिकलेली. औषधाची बाटली असो की बियाण्याची थैली, आधी वाचायची, मग हात लावायची. मी आधी हात लावायचो, मग विचारायचो. पुस्तक मी ओट्यावर ठेवलं, चित्रं पाहिली आणि बाजूचं झाकण खोललं. पट्टी दोन बोल्टांवर बसवली, चेन दातेरी चक्रावर चढवली, पट्टीच्या खाचेत बसवली, झाकण लावलं, बोल्ट आवळला. प्लग लावून निंबाच्या फांदीवर मशीन टेकवली. आवाज असा की कुत्री पळाली. धूर निघाला. फांदीले काळा पट्टा पडला, कापली काहीच नाही.

धूर पाहून शेजारचा मिस्त्री आला. हा अकोटच्या आरा मशीनवर, म्हणजे लाकूड चिरायच्या कारखान्यात, चाळीस वर्षं राबला आणि दाही बोटं शाबूत घेऊन घरी बसला. आरा मशीनवरून असा परतलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याले त्याचा तोराही होता. नमाजाले जाताना हात धुवायचा तेही असा, की पाहणाऱ्यानं बोटं मोजावीत.

त्यानं चेनीकडं पाहिलं आणि खाली बसून हसायले लागला.

"अबे भाऊ, चेन उलटी घातली तुनं! हे कापून नाही राह्यलं, लाकूड चाटून राह्यलं."

"मंग सांग ना. दात कावून काढतो?"

"माहे दात सोड. चेनचे दात पाह्य. पट्टीच्या वरच्या अंगानं चालताना दातांचं तोंड टोकाकडं पाह्यजे. पहिले प्लग काढ."

त्यानं स्वतः ओसरीतल्या बोर्डाजवळ जाऊन प्लग काढला, मले दाखवला आणि मगच मशीनीले हात लावला. चेन पलटवली. झाकण अर्धवट आवळलं, पट्टीचं टोक वर उचलून धरलं आणि बाजूचा स्क्रू फिरवत चेन ताणली. मग पट्टीच्या खालून चेन दोन बोटांनी ओढून सोडली. चट्ट करून परत बसली.

"एवढी. लोंबली तं निसटते, जादा ताणली तं मोटर जळते. तेल कोनतं टाकलं?"

"ट्रॅक्टरचं काढलेलं."

"तुह्या डोक्यात टाक ते. चेनचं तेल येते वेगळं."

तेल मी अकोटहून आणलं. चेन फिरवून पट्टीचं टोक जुन्या पेपरावर धरायचं, तेलाची रेघ उमटली की समजायचं तेल पोचून राहिलं, हेही त्यानंच शिकवलं. मग हुकूम सुटले. दुपट्टा गळ्यात नाही. धोतर नाही. जावयाची रेल्वेतली जुनी पँट घातली तं म्हणे, आता साहेब दिसतो. डोळ्यावर चष्मा. दोन्ही हात मशीनवर, डाव्या हाताचा अंगठा मुठीच्या खालून. लाकूड पायानं दाबून धरायचं नाही, घोडीवर ठेवायचं. घोडी त्यानंच ठोकून दिली, दोन फुल्या आणि मधात दांडी. खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही. आणि पट्टीच्या टोकानं कापायचं नाही, टोक टेकलं की मशीन उसळून तोंडावर येते.

"अन् हे पुढचं आडवं दांडकं," तो म्हणाला, "हे पुढं ढकललं की चेनले ब्रेक. मशीन खाली ठेवाची तं ब्रेक लावूनच ठेवाची. वायर खांद्यावरून मागं. अन् वायरची जोडणी अशी गाठ मारून, म्हंजे ओढली तरी निसटत नाही."

मी लाकडं कशाले पाहिजेत ते त्याले सांगितलं. त्यानं घोडी हलवून पाहिली. मग म्हणाला, "तुमचा धर्म लय लाकूड खाते भाऊ. आमचं बरं, माती कुठंबी भेटते."

"मंग तू ये फुकटचा गड्डा खोदाले. इथं कावून बसला?"

"खाली बसून शिव्या द्याले," तो म्हणाला, आणि रोज यायले लागला.

गाडीवाल्यानं खोडं अंगणात आणून टाकली. काम सुरू झालं. खोटं कशाले बोलू, ते दिवस बरे गेले. मशीन हातात असली की पाय थांबत. पण लाइन थांबत नव्हती. कधी सकाळी सहा तास नाही, कधी दुपारी आली आणि चहा होईपर्यंत गेली. मी घोडीजवळ उभाच. बसलो तं लाइन येईन आणि वेळ जाईन, असं वाटे. पूर्वी शेतावर असताना घरचा दिवा लागला की बायको मागच्या दारातून ओरडायची, "लाइन आली वो!" आमचा मळा घराले लागून, तेवढा आवाज पोचायचा. आता दिवा लागला तरी अंगण गप्प. मीच दर पाच मिनिटांनी आत जाऊन बल्ब पाहायचो.

पण विहिरीवरच्या मोटरीसाठी ती नेहमी ओरडेलच असं नव्हतं, आणि म्हणून आम्ही सारे एकच करायचो. स्टार्टरच्या हिरव्या बटनात काडी खोसून ठेवायची. लाइन गेली तरी बटन दाबलेलंच राहायचं. केव्हाही येवो, मोटर आपोआप सुरू. आमच्या भागातल्या कोणत्याही माणसाच्या हाताले ही सवय आहे. लाइन जाते तेव्हा आम्ही बटन बंद करत नाही, उलट ते चालू आहे ना ते पाहतो.

मशीनचा खटका सारखा दाबून ठेवावा लागे. अंगठ्यानं एक बटन, बोटांनी खटका, सोडलं की बंद. माझ्या बोटांत वात. दुसऱ्या आठवड्यात बोटं मिटेनात. मिस्त्री घरी गेलेला पाहून मी खटका दाबला आणि त्यावर सुतळी गुंडाळून पक्की गाठ मारली. आता मशीन बोर्डाच्या बटनावर चालू, बोर्डाच्या बटनावर बंद. मले माझ्या अकलेचं कौतुक वाटलं. मिस्त्री आला की मी सुतळी सोडून ठेवत होतो, म्हणजे चूक आहे हे मले माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

एक दिवस ऐन दुपारी बाभळीचं खोड अर्धं कापलं आणि लाइन गेली. मी मशीन काढली, घोडीवर आडवी ठेवली. ब्रेक लावला नाही. बोर्डाचं बटन बंद केलं नाही. सुतळी तशीच. लाइनच नाही तं मशीन म्हणजे लोखंड, असं माझं गणित. पाणी प्यायले आत गेलो.

मिस्त्री कधी आला ते समजलं नाही. अंगणातून त्याचा आवाज आला.

"भाऊ, चेन ढिल्ली झाली वो. प्लग काढला काय?"

मी आतूनच म्हटलं, "लाइन नाही. प्लग कशाचा काढतो?"

"हे बी खरं आहे," तो म्हणाला.

चाळीस वर्षांत या माणसानं असं म्हटलं नसेल. माझ्या अंगणात म्हटलं. मी तांब्या घेऊन दारात आलो तं तो घोडीसमोर वाकलेला, चेन ओढून पाहायले दोन बोटं पट्टीखाली चाललेली. सुतळी त्याले दिसली नाही, मूठ त्याच्या पलीकडच्या अंगाले होती. मग चेनीत काहीतरी अडकलं होतं, ते नीट दिसेना म्हणून त्यानं हात मागं घेतला आणि खिशातून चष्मा काढायले लागला.

तेवढ्यात लाइन आली.

मशीन घोडीवरून उडाली. मिस्त्रीच्या सदऱ्याचा घेर तिनं ओढला, फाडला, आणि खाली पडून जमिनीवर नाचायले लागली. बोर्ड माझ्या हातापासून दोन पावलांवर होता. बटन दाबायचं सोडून मी अंगणात मशीनवर धावलो आणि वायर ओढली. वायरीले गाठ, ती कशी निसटणार. ओढली तशी मशीन माझ्याकडंच आली. पँट फाटली, नडगीवर गरम झालं. मिस्त्री माझ्या बाजूनं धावत गेला, त्यानं बटन बंद केलं, प्लग उपटला आणि ओसरीत भिंतीले टेकून बसला.

मग त्यानं दोन्ही हात समोर धरले. पाहिले. उलटे करून पाहिले.

थोड्या वेळानं उठला, मशीनजवळ गेला आणि सुतळीची गाठ सोडायले लागला. गाठ पक्की होती, वेळ लागला.

"मोटरीच्या काडीवानी?" त्यानं विचारलं.

"हो."

सुतळी त्यानं खिशात टाकली आणि मले दवाखान्यात नेलं. अकोटले पाच टाके पडले. येताना एस.टी.त तो म्हणाला, "पोरीले सांग, कुऱ्हाड निसटली."

"कशानं लागलं ते ठरलंच नव्हतं. लागलं की जाचं, एवढंच कबूल केलं."

"मंग सांगूच नको. पँटीखाली काय दिसते?"

ते मले पटलं. दोन दिवस गप्प राहिलो. पोरीचा फोन आला, सगळं बरं आहे म्हटलं. घर माझं राहिलं. पण मिस्त्री आला नाही, पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी लंगडत त्याच्या घरी गेलो. तो एका फळीवर रंधा मारून राहिला होता. वर पाहिलं नाही.

"कावून येत नाही?"

रंधा थांबला. "भाऊ, सांगू नको म्हटलं ते म्याच. पण एक सांग. माही बोटं गेली असती, तं पोरीले सांगितलं असतं का?"

मी त्याच्या ओसरीत उभा होतो. सांगितलं असतं म्हणावं, तं ते खोटं. मी विचार करून पाहिला. त्या दोन दिवसांत मी फक्त घर कसं वाचलं याचा विचार केला होता. त्याच्या बोटांचा एकदाही केला नव्हता.

"नसतं सांगितलं," मी म्हटलं.

"तेच," तो म्हणाला, आणि रंधा मारायले लागला.

घरी येऊन पोरीले फोन लावला. सुतळीपासून सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी अकोल्यापर्यंत रेल्वेनं आणि तिथून एस.टी.नं आली. मी रडण्याची, ओरडण्याची तयारी ठेवली होती. तिनं टाके पाहिले, म्हणाली, "गाठोडं बांधलं का?"

"बांधतो."

"एवढी लाकडं कोनासाठी होती, ते तरी सांगा."

बाया आमच्याकडं स्मशानात जात नाहीत. घरून निघालेली माय तिनं पाहिली होती, पुढचं तिले कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ओलं लाकूड, रॉकेल, टायर. सांगताना तिच्याकडं पाहिलं नाही. ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा पदर ओला होता.

"किती दिवसांचं काम राह्यलं?"

"आठ. लाइन राहिली तं."

"आठ दिवस मी इथं आहे. नवव्या दिवशी निघाचं."

ती बोर्डाखाली पाट टाकून बसली. खोक्यातलं पुस्तक काढलं आणि हिंदीतून मोठ्यानं सगळं वाचलं, पहिल्या पानापासून. पोरीले सांगितलं हे समजल्यावर मिस्त्री परत यायले लागला होता. तो ऐकत होता, मधात मधात म्हणे, "हे म्या सांगितलं होतं." लाइन गेली की ती आधी बटन बंद करी, मग प्लग काढी आणि मले हात वर करून दाखवी. त्याशिवाय मिस्त्री चेनीले बोट लावत नव्हता. खटका मी माझ्या बोटांनी दाबायचो. दहा मिनिटं कापायचं, पंधरा मिनिटं बोटं शेकायची. चिडत होतो. पोरीवर, लाइनीवर, बोटांवर. मिस्त्री म्हणे, "बुढा भुकते तवा समजाचं काम नीट चालू आहे."

आठाचे दहा दिवस झाले. दोन गाड्या लाकूड झालं. स्मशानात थप्पी मिस्त्रीनं लावली, दोन लाकडांमधात हवा खेळेल अशी. पोरगी फाटकाबाहेर उभी राहून पाहत होती. मी म्हटलं, ये आत, आता कोन काय म्हणते. ती आली नाही, पण तिथूनच म्हणाली, "वरचं टिन गळते बाबा." पाहिलं तं खरंच दोन भोकं होती. ती डांबर लावून बुजवली, त्यात आणखी एक दिवस गेला. मी तो दिवस मुद्दाम लांबवला, हेही लिहून ठेवतो.

मशीन मिस्त्रीले दिली. तो म्हणाला, "काय करू हिले?" मी म्हटलं, "दरसाल एक गाडी." त्यानं हो म्हणून मान हलवली.

घराले कुलूप पोरीनं लावलं. माझ्यानं लागलं नसतं. एस.टी. सुटली तेव्हा मी मागं पाहिलं नाही असं लिहिलं तं खोटं होईल. गाव दिसेनासं होईपर्यंत मान वळवूनच होतो, मग मान दुखली.

आता बडनेऱ्याले आहे. इथं लाइन सहसा जात नाही. सकाळी उठतो, क्वार्टरच्या गेटापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो. पोरगी चहा ठेवते, दोनदा गरम करावा लागते. पावसाळा झाला की घरी नेऊन सोडीन, असं ती एस.टी.त म्हणाली होती. पावसाळे दोन झाले. मी विचारत नाही, ती विषय काढत नाही.